ताह्वोचं झाड

मी भट्टीतून पाव काढत होते, तेव्हा एल्यासभावजी दारात येऊन उभे राहिले. धाकटे दीर माझे. एरवी त्यांच्या आधी त्यांची बडबड घरात शिरते. त्या दिवशी मात्र टोपी हातात धरून नुसते उभे, आणि ओठ पांढरेफटक.

"काय हो भावजी, भूत बघितलंत की काय?" मी म्हटलं.

"तेच तर कळत नाहीये, वहिनी," ते म्हणाले. "ताह्वो आलाय."

माझ्या हातातला पाव राखेत पडला. ताह्वो म्हणजे माझा मुलगा. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला आम्ही रडून मोकळे झालो होतो.

"कुठं आहे?"

"वर, पाइनच्या टेकाडावर. झाडापाशी उभा आहे. स्वतःच्याच. पलीकडच्या बाजूला."

"मग घेऊन का नाही आलात? हात धरून आणायचं की नाही!"

"वहिनी, शुद्धीवर आहात ना? मी त्याचा हात धरू?" भावजींचा आवाज फाटला. "चर्चकडून मीठ घेऊन येत होतो. पाठमोरा दिसला, वाटलं कुणी वाटसरू असेल. पुढं गेलो, वळून बघितलं, तर हा. म्हणाला, 'काका, माझं पाऊल पडत नाही हो पुढं.' मिठाचं पोतं तिथंच टाकलं आणि पळत सुटलो."

मी खाली बसले. चुलीपाशी, जमिनीवरच.

आमच्या वस्तीपासून चर्चपर्यंत एकच वाट आहे. दोन्ही अंगाला दलदल, मधून वाळूचं उंच टेकाड, आणि त्या टेकाडावर पाइनचं रान. वस्तीत कुणी गेलं की शवपेटी ह्याच वाटेनं न्यायची आणि टेकाडावर अर्ध्या वाटेत खाली ठेवायची. मग पुरुष एक झाड निवडतात, खालच्या फांद्या छाटतात, सालीचा पट्टा सोलतात आणि आतल्या पांढऱ्या लाकडावर मेलेल्याच्या नावाची अक्षरं, मेल्याचं वर्ष आणि क्रूस कोरतात. सगळे घोटभर दारू घेतात आणि पेटी उचलतात. ह्याला आम्ही कार्सिक्को म्हणतो.

नव्या पाद्रीबुवांना वाटतं, ही आठवण म्हणून केलेली खूण. आठवण कसली! आमची माणसं आमच्या ध्यानात राहायला आम्हाला झाड कशाला लागतंय? ते झाड मेलेल्यासाठी असतं. मातीत पडलेल्याला कधीतरी घर आठवतं. कुणाला आठवणार नाही? तो उठतो, कबरीतून निघतो, नेहमीची वाट धरतो. टेकाडावर येतो आणि झाडावरची अक्षरं बघतो. आणि मग त्याला उमगतं, अरे, मी तर मेलोय. तिथून तो मागं फिरतो, काळ्या नदीपलीकडं, तुओनेलात, जिथं त्याची जागा आहे तिथं. ज्याला जन्मभर वाचता आलं नाही त्यालाही मेल्यावर आपली अक्षरं कळतात. त्या झाडांची काटकीसुद्धा आम्ही कधी चुलीत घातली नाही. जो तोडेल तो त्याच वाटेनं जाईल, हे इथं तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे.

ताह्वो वसंतात डांबराची पिंपं घेऊन नावेनं ओउलूच्या बंदराला गेला होता. धबधब्याखालच्या खडकांवर नाव फुटली. त्याची टोपी आणि सुरी तेवढी परत आली. प्रेत मिळालं नाही. आणि मग घरात सुरू झालं. रोज तिन्हीसांजेला दाराची कडी आपोआप उचलली जायची आणि पडायची. गाय दावं ताणून ओरडायची. माझी सून सोह्वी उठून दार उघडायची आणि दारात कुणीच नसायचं. ज्याचं झाड नाही त्याला आपण मेल्याचं कळत नाही, तो येतच राहतो.

"झाड करू या," सगळी वस्ती म्हणत होती. सोह्वी ऐकायची नाही. "झाड केलं की वाट बंद," म्हणायची. "मी नाही बंद करू देणार." शेवटी एका संध्याकाळी कडी उचलली गेली आणि बराच वेळ खाली पडलीच नाही. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "करा." रिकाम्या पेटीत टोपी ठेवली, एल्यासभावजींनी झाड छाटलं, अक्षरं कोरली, पेटी चर्चच्या आवारात पुरली. त्या दिवसापासून कडी वाजली नाही. एकदाही नाही. ह्याला पाद्रीबुवा काय म्हणतात, ते त्यांनाच विचारा.

आणि आता हा मुलगा म्हणे तिथं उभा आहे.

सोह्वी गोठ्यातून आली ती ऐकूनच आली असावी. दुधाची बादली तिनं अंगणातच सोडली होती. तशीच वाटेला लागली, अनवाणी.

"धावू नकोस गं," मी ओरडले. "तिथं धावत जात नाहीत!"

"तुम्ही चाला सावकाश," ती मागं न बघता म्हणाली. भावजींनी दाराआडची कुऱ्हाड उचलली. कशाला उचलली कोण जाणे. हातात काहीतरी असावं म्हणून असेल.

टेकाडावर पाय ठेवला की आवाज बदलतो. खाली वाळू आणि शेवाळ, आपली पावलं आपल्यालाच ऐकू येत नाहीत. वारा खालच्या दलदलीत राहतो. आणि दोन्ही बाजूंनी ती झाडं, पोटाशी उघडी, प्रत्येकावर दोन दोन अक्षरं. माझ्या आजेसासूची अक्षरं सालीनं आता जवळजवळ गिळली आहेत. माझ्या नवऱ्याचं झाड सरळसोट आहे, तो नव्हता. आणि हिल्माचं. माझी लेक, पाळण्यातच गेली. बाळाला मोठं झाड कशाला, म्हणून मनगटाएवढं रोप निवडलं होतं. आता ते माझ्या डोक्यावर गेलंय. मी फटकळ बाई, पाद्रीबुवांपुढंही गप्प बसत नाही, पण त्या रानात माझी जीभ आपोआप आत जाते. छाती भरून येते, भीतीनं म्हणावं तर भीती नाही. आपल्यापेक्षा फार मोठं काहीतरी तिथं जागं आहे आणि ते आपल्याकडं बघतंय, असं वाटतं. गुडघे टेकावेसे वाटतात.

ताह्वोचं झाड वाटेच्या अगदी कडेला आहे. त्याचं एक मूळ वाट ओलांडून गेलंय. त्या मुळाच्या पलीकडं माझा मुलगा उभा होता.

दाढी वाढलेली, गाल बसलेले, अंगात कुणाचा तरी कोट. एका पायावर भार देऊन उभा. सोह्वी मुळाच्या अलीकडं, दोघांमध्ये हातभर अंतर. ती ओलांडून गेली नव्हती. तिलाही कळत होतं.

"आई," तो म्हणाला.

पलीकडून हाक आली तर ओ द्यायची नाही, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. माझ्या घशात ओ आली, मी ती गिळली. त्याच्याकडं बघत राहिले. तेवढ्यात त्याच्या कपाळावर एक डास बसला. बसला आणि फुगायला लागला, लालभडक. त्यानं थापट मारली. कपाळावर रक्ताचा ठिपका उमटला.

"ओ रे, माझ्या राजा," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

"वहिनी!" भावजी दबक्या आवाजात ओरडले.

"काय वहिनी वहिनी! डास मेलेल्याचं रक्त पितो का?"

"डासाला काय अक्कल असते?"

"तुमच्यापेक्षा जास्त आहे," मी म्हटलं. "मेलेला असता तर इतका अशक्त दिसला नसता. मेलेले कसे नीट झोपून येतात."

पण ताह्वो हसला नाही. त्यानं सगळं सांगितलं, तुटक तुटक. नाव फुटली, पाण्यानं खूप खाली नेऊन टाकलं. नदीकाठच्या ईसाक्की नावाच्या म्हाताऱ्यानं ओढून झोपडीत नेलं. कंबरेचं हाड मोडलेलं, वर ताप. किती काळ पडून होता, त्यालाच माहीत नाही. एका फेरीवाल्याबरोबर निरोप धाडला होता.

"आला नाही का तो?"

"नाही रे. कुणी नाही आलं."

"सकाळी चर्चच्या आवारात जरा टेकलो," तो म्हणाला. "बघतो तर माझ्या नावाचा क्रूस. तिथून उठलो आणि थेट इथं आलो. आई, मेलेले तेच करतात ना? कबरीपासून निघतात, हीच वाट धरतात, इथं येऊन आपली अक्षरं वाचतात. मी तेच केलं. तो म्हातारा, ती झोपडी, तो ताप, हे सगळं मला खाली पडल्या पडल्या दिसलेलं असेल तर? मला कसं कळणार?"

 

"तू जिवंत आहेस, मूर्खा," सोह्वी म्हणाली. "मला दिसतंय."

"मग पाऊल का पडत नाही, सोह्वी? मी सकाळपासून उचलतोय." त्यानं उचलून दाखवलं. पाय उचलला, मुळापर्यंत नेला, आणि तिथं हवेतच तो पाय लटलट कापायला लागला. त्याच्या कपाळावर घाम आला. पाय परत मागं पडला. सोंग नव्हतं ते. माझं पोर लहानपणापासून सोंग करायला लागलं की नाक आधी लाल होतं, मला ठाऊक आहे.

"मी जातो परत," तो म्हणाला. "जिथं जायचंय तिथं. तुम्हाला बघायचं होतं तेवढं बघितलं."

तेव्हा सोह्वीनं भावजींच्या हातातली कुऱ्हाड हिसकली.

"हे झाडच त्याला येऊ देत नाही," ती म्हणाली. "झाड नाही तर अक्षरं नाहीत. मीच 'करा' म्हटलं होतं, मीच पाडते. मला काय व्हायचं ते होऊ दे."

भावजींनी हातपाय गाळले होते, ते नुसते "सोह्वी, सोह्वी" करत राहिले. तिनं कुऱ्हाड डोक्यावर उचलली. आणि ते रान थांबलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. डास थांबले. खाली दलदलीतला वारा थांबला. मला माझ्या रक्ताचा आवाज ऐकू आला. ताह्वोच्या मागं, त्या उघड्या पोटांच्या झाडांमध्ये, कुणीतरी उभं होतं. एक नाही, सगळे. दिसत काहीच नव्हतं. पण चर्चमध्ये शेवटचा आशीर्वाद ऐकायला सगळी माणसं श्वास रोखतात, तेव्हा मागं न बघताही कळतं ना की चर्च भरलेलं आहे? तसं ते रान भरलं होतं. ते सगळे ह्या एका झाडाकडं बघत होते. हा पुढं जातो का, हे बघत होते. हे एक झाड पडलं, हा एक अक्षरं ओलांडून गेला, की बाकीच्या अक्षरांना काय किंमत राहणार? मग सगळेच निघणार. माझा नवरा. आजेसासू. भुकेच्या वर्षी गेलेली ती सगळी.

आणि हिल्मा. खरं सांगते, माझं काळीज तिच्याकडं धावलं. पाडू दे, असं मला वाटलं. पडू दे झाड, येऊ दे माझी लेक. एवढीशी होती, तिला चालता तरी येत होतं का? इतक्या वर्षांत शिकली असेल. मला तिच्या पावलांचा भास झाला, शेवाळावर, जिथं कुणाच्याच पावलांचा आवाज येत नाही. माझे हात तिला घ्यायला पुढं झाले.

मग ते हात मी सोह्वीच्या दंडावर घातले आणि कुऱ्हाड खाली ओढली.

"नाही," मी म्हटलं. "सोह्वे, नाही. झाडानं खोटं काही केलेलं नाही. ज्याचं झाड केलं तो परत येत नाही. हे मोडायचं नाही."

"मग त्याला मरू द्यायचं?"

मी ताह्वोकडं बघितलं. पोटभर बघून घेतलं. कपाळावरचा तो रक्ताचा ठिपका बघितला, डाव्या भुवईवरची जुनी खोक बघितली, पाळण्यातून पडला होता तेव्हाची. मग डोक्यावरचा रुमाल सारखा केला, कंबरेला हात लावले, आणि दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशा आवाजात विचारलं,

"कोण आपण? कुठून आलात?"

"आई?"

"मी इथल्या घराची मालकीण, कुस्तावा. आपण कोण? ह्या वाटेला पहिल्यांदाच दिसताय."

"आई, मी ताह्वो..."

"ताह्वो गेला," मी म्हटलं. "हे काय त्याचं झाड. वाचता येत नसेल तर बोटांनी चाचपून बघा. नाव फुटून बुडाला, देव त्याला शांती देवो. त्याच्या घरचे आम्ही. तुम्ही कोण?"

भावजींना आधी उमगलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. आमच्याकडं झाडं दोन कारणांनी करतात. परकं कुणी पहिल्यांदा ह्या वाटेनं आलं, नवी नवरी, नवा गडी, अगदी नवे पाद्रीबुवासुद्धा, तर सोबतचे एक कोवळं पाइन निवडतात, मधल्या फांद्या छाटतात आणि शेंडा हिरवा ठेवतात. ते जिवंत माणसाचं झाड. ते झालं की त्याला ह्या वाटेचा हक्क मिळतो, आणि त्यानं सगळ्यांना घोटभर काहीतरी पाजायचं असतं. सोह्वी लग्न होऊन आली तेव्हा तिचंही केलं होतं.

सोह्वीनं माझ्याकडं बघितलं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते माझ्यासाठी.

"सासूबाई," ती हळूच म्हणाली, "माझं होईल हो. विधवेनं पाहुण्याशी लग्न लावलं तर कोण अडवतंय. नवरा मला परत मिळेल. तुम्ही मुलगा कुठून आणाल? पाहुण्याला काही परत जन्म देता येत नाही."

"माझं मी बघते," मी म्हटलं. "तू तुझं बघ. आणि नाक पूस."

मग मी पुन्हा त्याच्याकडं वळले. तो रडत होता. त्याला कळलं होतं. कळल्यावर त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"असं नको," तो म्हणाला. "मग मी तुम्हाला... मग तू मला..."

"तुम्ही," मी म्हटलं. "आम्ही परक्या माणसाला अहो-जाहो करतो. आमच्याकडं तीच रीत आहे. नाव सांगा, पाहुणे. ऊन कलतंय."

रान तसंच भरलेलं, तसंच गप्प. मला वाटलं, तो वळून जाणार. गेला असता तर मी ओरडले असते, रीत गेली खड्ड्यात, मी त्याच्यामागं त्या मुळावरून उडी मारली असती, हे मला माहीत होतं. आणि मग आम्ही दोघंही परत आलो नसतो.

"ईसाक्की," तो शेवटी म्हणाला. "नदीकाठचा ईसाक्की. पोटासाठी काम शोधत आलोय."

"कामाला तोटा नाही. राहा. भावजी, पाहुण्यांचं झाड करा."

भावजींनी डोळे पुसले आणि कुऱ्हाड घेतली. ताह्वोच्या झाडाला वळसा घालून, वाटेच्या दुसऱ्या कडेला त्यांनी एक कोवळं पाइन निवडलं. मधल्या फांद्या एक एक करून खाली पडल्या, शेंडा हिरवागार राहिला. प्रत्येक घावाबरोबर रानातलं ते दडपण थोडं थोडं हलकं होत होतं, असं मला वाटलं. ईसाक्कीच्या पोतडीत लाकडी बुधलीत आंबट दूध होतं. त्यानं ते आधी भावजींना दिलं, मग सोह्वीला, मग मला. त्याचा हात लागला. गरम होता. मी बुधली पटकन परत केली, नाहीतर धरूनच राहिले असते.

"या आता," मी म्हटलं.

त्यानं पाय उचलला. पाय लटलटला नाही. मुळावरून अलगद अलीकडं पडला, मग दुसरा. सोह्वीच्या तोंडून एकच हुंदका निघाला. मग आम्ही चौघं ओळीनं खाली निघालो, ती दोघं पुढं, मग भावजी, मी मागं. त्या रानातून परतताना मागं वळून बघत नाहीत. मला कळत होतं की मागं ते सगळे निघाले आहेत, आपापल्या जागी, सावकाश, प्रार्थना संपल्यावर माणसं उठतात तसे. सगळ्यात शेवटी कुणीतरी लहान. तिला मी मनातल्या मनात म्हटलं, जा बाई, पणजीचं बोट धर. मान ताठ धरून मी चालत राहिले.

घरी आलो तेव्हा तो दाराशीच थांबला. आमच्याकडं परका माणूस आढ्याच्या मधल्या तुळईपर्यंतच येतो. बोलावल्याशिवाय तुळईपलीकडं जेवणाच्या बाजूला जात नाही. तो ह्याच तुळईखाली रांगला होता. तिथं टोपी काढून उभा राहिला.

"पुढं या, पाहुणे," मी म्हटलं. "बसा."

तो बाकाच्या टोकाला बसला. सोह्वी साउनाचं न्हाणीघर तापवायला गेली. भावजी तिथंच घुटमळत उगाच हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले, दलदलीत बेरी कशा लागल्यात आणि कुणाची गाय विकायला काढलीय वगैरे. इतक्या जोरात बोलत होते की मला त्यांच्या तोंडात पाव कोंबावासा वाटला. मी जवाची भाकरी ठेवली, तळलेले मासे ठेवले, विरजलेलं दूध ठेवलं.

भिंतीतल्या फटीत आमचे सगळ्यांचे लाकडी चमचे खोचलेले असतात. ज्याच्या त्याच्या दांड्यावर ज्याची त्याची खूण. ताह्वोचा चमचा अजून तिथंच होता, काढायचा कुणाला धीर झाला नव्हता. बसल्या बसल्या त्याचा हात मागं न बघताच भिंतीकडं गेला, बरोब्बर त्या फटीपाशी. तिथं थांबला. मग त्यानं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला, आणि वाट बघत बसला. मी पाहुण्यांचा चमचा आणून दिला.

तो खाली मान घालून जेवला. तो जेवत असताना मी चुलीपाशी उभी होते. ह्यानं मासा काट्यांसकट चावायची खोड अजून सोडली नव्हती. 'नीट खा रे, काटा लागेल,' हे शब्द माझ्या ओठावर येऊन परत गेले. किती वर्षं ते शब्द मी रोज म्हटले होते, आणि आता जन्मभर म्हणायचे नव्हते. मुलगा जिवंत, समोर बसलेला, हाताच्या अंतरावर. आणि मी त्याला विसरल्यासारखं वागायचं. मला वाटलं होतं तेवढं हे सोपं नव्हतं. रुमालाचं टोक तोंडात धरून मी भट्टीकडं वळले, पाव बघायचाय म्हणून. भट्टीत काहीच नव्हतं.

भाकरी संपली. तो बसून राहिला. वाडगा रिकामा होता, अजून भूक होती, पण पाहुण्यानं आपणहून मागायचं नसतं. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"आई," तो म्हणाला.



मी हलले नाही. दारावर आलेला वाटसरूसुद्धा म्हाताऱ्या बाईला आईच म्हणतो. डांबरवाले म्हणतात, फेरीवाले म्हणतात, भुकेच्या वर्षी आलेले भिकारी म्हणत होते. त्याला त्या रानाची बंदी नाही.

"आई," तो म्हणाला, "अजून थोडं दूध द्याल का?"

"घ्या ना," मी म्हटलं, आणि काठोकाठ ओतलं. "लाजू नका."